मागच्या खोलीतल्या दोघी

नारायणगाव
११ जुलै २०२५

प्रिय जिजीस,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, मोहनचा जय जिनेंद्र.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते मशीन तू कानाला लावत नाहीस, म्हणून लिहायला बसले. गुडघे कसे आहेत? यंदा मंचरला साध्वी महासतीजींचा चातुर्मास आहे म्हणे. व्याख्यानाला पुढे बसत जा, ऐकू नाही आलं तरी निदान दर्शन होईल.

हे पत्र तुझं तूच वाच. सुनेकडून वाचून घेऊ नकोस. का ते कळेलच.

आमच्या घरात मांजरं आली आहेत. एक नाही, दोन. सूनबाईनं, डिंपलनं आणली. पिंपळवंडीला एक जनावरांचे डॉक्टर आहेत, ते रस्त्यावरची जखमी मांजरं सांभाळतात आणि मग कुणाच्या तरी गळ्यात घालतात. गळे आमच्याच घरात आहेत. एक पांढरी, हायवेवर गाडीचा धक्का लागून डावा डोळा गेलेली. तिचं नाव साखर. दुसरी मातकट पट्ट्यापट्ट्यांची. पिंपळवंडीच्याच उसात तोडणीच्या वेळी कोयता लागला, मागचा पाय अधू झाला. ती जिरी. डिंपलला स्वयंपाकघराबाहेर नावं सुचत नाहीत.

मला कुणी विचारलं नाही. अरिहंत म्हणाला, "मम्मी, सांगणारच होतो." सांगणारच होतो म्हणजे सांगायचं नव्हतं.

मला काळजी आमच्या कुत्र्याची, मुनीमची. तुला आठवतो ना? ह्यांनीच आणला होता. भांड्यांच्या दुकानात दिवसभर गादीला टेकून बसायचा म्हणून मुनीम नाव पडलं. हे जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तो माझ्या खोलीच्या दारात झोपतो. बारा वर्षांचा झाला, भाकरी-दुधावर वाढलेला, कधी कुणाच्या अंगावर गेला नाही. मांजरं आल्यापासून त्याचं खाणं कमी झालंय. भाकरी तोंडात धरतो आणि सोडून देतो.

डिंपलनं मांजरांना मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलंय. म्हणते, "मम्मी, लगेच समोरासमोर आणायचं नाही, आधी वासाची ओळख." रोज एका टॉवेलनं मांजरांना पुसते आणि तोच टॉवेल मुनीमच्या तोंडासमोर धरते. मग मुनीमचा फडका मांजरांकडे. मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय. कोणता डॉक्टर असं सांगतो गं? मुनीम तो टॉवेल हुंगतो आणि मान फिरवून निघून जातो. त्याला कळतं सगळं.

आता मुख्य गोष्ट. परवा डिंपल दुकानात होती, तेव्हा मी मागच्या खोलीत गेले. कपाटात, जुन्या चादरींच्या मागे, पाकिटं सापडली. त्यांच्यावर माशाचं चित्र. आपल्या घरात, जिजी! ह्यांच्या घरात कांदा-लसूण आलं नाही कधी. मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं. ती रडली नाही की चिडली नाही. म्हणाली, "मम्मी, मांजर नुसत्या दूधभाकरीवर जगत नाही. उरलेला डोळाही जाईल तिचा. मी हात लावत नाही, वेगळ्या चमच्यानं देते, त्याच खोलीत, आणि येऊन हातपाय धुते." सगळं ठरवून केलेलं. आपण होऊन सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. चादरींच्या मागे काय म्हणून?

मला वाटतं तिला मुनीम घरातून घालवायचाय. आणि मुनीम गेल्यावर पाळी कुणाची, ते तुला सांगायला नको.

पत्राचं पाकीट नीट चिकटवलंय. फाडलेलं वाटलं तर कळव.

तुझी,
मोहन


नारायणगाव
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय जिजी,
पर्युषण चालू आहे, तुझं तप सुखात चाललं असेल. माझे एकासणे चालू आहेत. दिवसातून एकदा जेवायचं म्हटलं की मन शांत राहतं म्हणतात. माझं राहत नाही.

जिरी हरवली. परवा, शुक्रवारी.

सुरुवातीपासून सांगते. महिनाभरात डिंपलनं मधल्या दाराला जाळी लावली, आणि रोज थोडा वेळ जाळीच्या एका बाजूला मुनीम, दुसऱ्या बाजूला त्या दोघी. साखर फिस्कारून पळायची. जिरी मात्र जाळीला अंग टेकून बसायची. पुढे पुढे मुनीमही बसायला लागला. डिंपलनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मला ते बसणं बरं वाटलं नाही. म्हातारा कुत्रा, दमून बसला असेल. खाणं तर त्याचं आणखीच कमी झालंय.

मग पर्युषणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामायिकाच्या ध्यानाला बसायला गेले, तर आसनावर चिमणी. मेलेली. मान वाकडी, पिसं विखुरलेली. जिजी, ज्या आसनावर मी तोंडाला मुहपत्ती बांधून बसते, त्या आसनावर! जाळीचं दार कुणीतरी नीट लावलं नव्हतं आणि जिरी तिथंच बसून पंजा चाटत होती. माझ्याकडे बघत होती, जसं काही माझ्यासाठीच आणलंय. त्या दिवशी सामायिक झालं नाही माझ्याकडून. डिंपलनं आसन धुतलं, दहादा माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी जिरी नाहीशी झाली. मागच्या खोलीची खिडकी उघडी सापडली. सकाळी ती खोली बयानं झाडली होती. बयाबाई, घाटघरची, एकोणीस वर्षं आपल्याकडे कामाला आहे ती. संध्याकाळी ती भांड्यांना आली तेव्हा डिंपलनं विचारलं, खिडकी उघडी राहिली का? बया म्हणाली, "न्हाई ताई, मी कडी घातली व्हती." अरिहंतचा आवाज चढला. म्हणाला, "मग काय मांजरानं उघडली कडी?" बरंच काही बोलला. एकोणीस वर्षं काम करतेस म्हणून काय झालं, असंही म्हणाला.

बयानं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मी काय बोलणार? मी त्या दुपारी घरातही नव्हते. दळणाला गेले होते. गिरणीवर गर्दी होती, त्यात लाईट गेली, दोन-अडीच तास मोडले. आले तेव्हा साडीभर पीठ होतं, डिंपलनंच झटकलं.

शनिवारपासून बया कामाला आली नाही. घाटघरला गेली म्हणतात, भाताच्या बेणणीला, तण काढायला. मला तिचं ते बघणं काही आवडलं नाही. तिच्या मनात काहीतरी आहे. एवढी वर्षं घरात असली म्हणून माणूस कळतंच असं नाही.

डिंपल दोन दिवस गल्लीगल्लीत हाका मारत फिरते आहे. एरवी मी तिला ओरडले असते. असो.

एक काम कर. महासतीजींना सहज विचार, एखाद्यानं मांजर घरातून नेऊन सोडलं, मारलं नाही, नुसतं सोडलं, जिथून आलं होतं तिथंच, तर त्याचा दोष किती? माझं नाव घेऊ नकोस. इथं शेजारी एकांनी सोडलंय, म्हणून विचारते.

तुझी,
मोहन


नारायणगाव
४ सप्टेंबर २०२५

जिजी,

तुझं कार्ड मिळालं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. एकच ओळ. "दळणाला अडीच तास लागतात का गं?"

लहानपणीही तू अशीच. मी खोटं बोलले की ओरडायची नाहीस, नुसती विचारायचीस.

मीच नेली जिरीला. शेजारी कुणी नाही, मीच.

शुक्रवारी बया अकरा वाजता गेली. डिंपल, अरिहंत दुकानात. मी दळणाची मोठी पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले. वाटलं होतं, पळेल, ओरबाडेल, मग आपल्यानं काही व्हायचं नाही. पण मी "जिरे" म्हटलं आणि ती लंगडत आली. आजवर मी तिला कधी हाक मारली नव्हती, जिजी. पायाला अंग घासलं. मी उचलून पिशवीत घातली आणि खिडकीची कडी काढून ठेवली. हातानं काढली. विसरून नाही.

स्टँडवरून जीप धरली. पिशवी मांडीवर घट्ट आवळून. शेजारचा माणूस म्हणाला, "मावशी, कोंबडं हाय का पिशवीत? लई वरडतंय." मी म्हटलं, मांजर आहे, दवाखान्यात नेते. तो म्हणाला, "पिंपळवंडीला न्या, डाक्तर चांगला हाय." बाकीचे सरकून बसले, पिशवीला वारा लागावा म्हणून. मला आजारी मांजराची माया करणारी बाई समजले ते.

पिंपळवंडीला उतरून कच्च्या रस्त्यानं गेले. एका गोठ्याच्या पुढे ऊस सुरू होतो, तिथं पिशवी उघडली. ती बाहेर येईना. मला पिशवी उलटी करावी लागली. मग बांधावर बसून माझ्याकडे बघत राहिली. मी परत फिरले. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. ती लंगडत चार पावलं माझ्यामागे आली होती. मी भरभर चालले. त्या भागात दिवस कलला की माणसंसुद्धा एकटी शिवारात जात नाहीत, बिबट्या असतो. मला ते माहीत होतं. येताना गिरणीवर थांबून दोन किलो गहू विकत घेऊन दळले, अंगाला पीठ लागावं म्हणून.

मी गप्प राहिले असते, जिजी. तुझ्या कार्डालाही काहीतरी उत्तर लिहिलं असतं. पण संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण झालं आणि क्षमा मागायला सगळ्यांच्या आधी डिंपल माझ्याकडे आली. पाया पडली, हात जोडले. वाटलं, नेहमीचं बोलेल, वर्षभरात चुकलंमाकलं माफ करा. पण ती हळूच म्हणाली, "मम्मी, जिरी गेली तेव्हा माझ्या मनात तुमच्याबद्दल संशय आला होता. दोन रात्री मी तुम्हाला वाईट समजले. मला क्षमा करा."

माझे हात वर येईनात. मी तिथंच, जैन स्थानकाच्या पायरीवर, बायका चपला शोधत होत्या त्यांच्यासमोर, सगळं सांगितलं.

अरिहंत म्हणाला, "मम्मी!" डिंपल जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "पिशवीत तिला श्वास घेता येत होता ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमला गाडीत घेऊन तिघंही पिंपळवंडीला गेलो. गोठ्याचा मालक भरत म्हणून आहे. म्हणाला, "व्हती की. दोन दिस गोठ्यात बसायची. आईनं दूधबी घातलं तिला. तिसऱ्या दिशी न्हाई दिसली. बिबट्यानं न्हेली असं म्हनत न्हाई मी. पन दिसली न्हाई." डिंपल उसाच्या कडेनं हाका मारत गेली. पाऊस आला तरी थांबली नाही. मी बांधावर उभी होते.

येताना डॉक्टरांना मुनीम दाखवला, कारण आता तो पाणीसुद्धा नको म्हणत होता. त्यांनी जबडा उघडून बघितला आणि म्हणाले, दाढा सडल्यात, चार महिने तरी झाले असतील. मांजरं येण्याच्या आधीपासूनच, जिजी. दोन दाढा काढल्या. आता भाकरी कुस्करून दिली की खातो. खाऊन झालं की जाळीपाशी जाऊन बसतो. पलीकडे साखर असते, ती अजूनही फिस्कारते. तो बसून राहतो.

तिथून दोन दिवसांनी घाटघर. बया भाताच्या खाचरात होती, अंगावर प्लॅस्टिकची खोळ, कोपरापर्यंत चिखल. आम्हाला बघून बांधावर आली. मी म्हटलं, "बया, मांजर मी नेऊन सोडलं. कडी मी काढली होती."

ती म्हणाली, "मला ठाव हाय, भाभी."

"कसं?"

"तुमी जीपमधी बसताना मी पल्याड भाजी घेत व्हते. पिशवी हालत व्हती तुमची."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? अरिहंत तुला एवढं टाकून बोलला!"

तिनं हातांचा चिखल गवताला पुसला. "बोलले असते तर आदी कुनी खरं मानलं नसतं. आन् मानलं असतं, तर तुमी कुठं गेला असता? मला यायला घाटघर तरी हाय."

अरिहंत खाली बघत होता. त्यानं हात जोडून माफी मागितली, तर बया म्हणाली, "असूं द्या दादा, भिजाल, घरात चला." कोरा चहा दिला. मी विचारलं, परत येशील ना? म्हणाली, "भात घरात येईस्तोवर न्हाई. मंग बघू." माफ केलं असं म्हणाली नाही. मीही पुन्हा मागितली नाही. घराबाहेर पडताना माझा पाय घसरला, तेव्हा तिनं दंडाला धरलं आणि गाडीपर्यंत सोडलं नाही, एवढं मात्र झालं.

आता आठवडा होत आला. डिंपल माझ्याशी नीट बोलते. औषध वेळेवर देते, ताट वाढते. एकदाही आवाज चढवला नाही. पण काल दुकानात जाताना तिनं मागच्या खोलीला कुलूप घातलं. आजवर घालत नव्हती. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि मी बघतेय हे तिला माहीत होतं. किल्ली ती बरोबर घेऊन गेली.

मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण तुला आता आणखी खोटं लिहायचं नाही. दुपारभर मी त्या कुलपासमोर खुर्ची टाकून बसले होते. आत साखर दारापर्यंत यायची, हुंगायची आणि परत जायची.

महासतीजींना विचारलंस का? विचारलं नसशील तर आता माझं नाव घेऊन विचार. जे सांगतील ते लिही, कमी करून लिहू नकोस.

अजून म्हणवून घेणार असशील तर तुझीच,
मोहन