दादाचं नाव मोकळं झालं

३ मार्च
लोक आमच्या साइटवर आपापला कोड ठेवतात, त्याचे पत्ते कसे असावेत यावर आज दिवसभर काथ्याकूट. आधी माणसाचं नाव, मग तिरकी रेघ, मग कामाचं नाव — इथपर्यंत सगळे खूश. नाव बदललं तरी जुना पत्ता नव्याकडे न्यायचा, तेही ठरलं. मग आमचे मुख्य (ऑफिसात सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात) म्हणाले, "जे खातं वर्षभर कुणी उघडलं नाही, त्याचं नाव मोकळं. हवं त्यानं घ्यावं."

दादाचंही खातं आमच्याच साइटवर आहे. दादाला जाऊन वर्ष उलटून गेलंय.

५ मार्च
फूटपट्टींना गाठलं. म्हटलं, माझ्या भावाचं खातं तेवढं सोडा. "नियम सगळ्यांना सारखा. तुझ्या भावाला एक, दुसऱ्याच्या मामाला एक, असं कसं चालेल?" म्हटलं, अहो, नाव परक्यानं घेतलं तर त्या पत्त्यावरून कोड आणणारी यंत्रं त्याचा कोड बिनबोभाट चालवतील. "तू फार विचार करतेस." पालथ्या घड्यावर पाणी.

घरी बाबांना सांगितलं. दाढी करता करता थांबले. "म्हणजे त्याचं नाव आता कुणीही लावणार?" एवढंच बोलले.

९ मार्च
नाव मोकळं झालं. मी जेवून येईपर्यंत कुणीतरी उचललंसुद्धा. मेली गिधाडं!

१० मार्च
घाबरलेय. नीट लिहिते.

दादानं घरासाठी एक प्रोग्राम केला होता. त्याचा फोन फाटकाशी आला की पायरीवरचा दिवा लागायचा — अंधारात किल्ली चाचपडायला नको म्हणून. जिन्याखालचं डबीएवढं यंत्र रोज त्याच्या पत्त्यावर नवा कोड आलाय का बघतं, आला असला तर तो चालवतं. फोन त्याच्याबरोबरच नदीत गेला, मिळाला नाही. तेव्हापासून दिवा बंदच.

आज संध्याकाळी तो लागला. बाहेर कुणी नव्हतं.

म्हणजे नाव उचलणाऱ्यानं तिथे काहीतरी घातलंय, आणि ते आमच्या घरात शिरलंय. उद्या आणखी काय करेल? वायर उपटायला गेले तर बाबा आडवे आले. "ठमे, हात लावायचा नाही. त्यानं बसवलंय ते."

११ मार्च
आजही लागला. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दाराकडे बघत बसले. मला रडू आलं, संतापही आला. कोण खेळतंय माझ्या म्हाताऱ्याशी?

१२ मार्च
फूटपट्टींच्या टेबलापाशी जाऊन भांडले. दिव्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव कायमचं बंद. नियम तूच लिही." आणि नवा मालक कोण ते बघायची परवानगी दिली. बघितलं. नाव आमच्याच घरातून घेतलेलं!

घरी येऊन बाबांपुढे उभी राहिले. "हो, मीच घेतलं. परक्याच्या हाती कशाला जाऊ द्यायचं?" आणि कोड? "कसला कोड? मला साधा मेसेज धड लिहिता येत नाही." इतकं हसले मी! किती दिवसांनी. दिवा बाबांनीच कसातरी लावला असणार म्हणून निवांत झोपते आता.

१३ मार्च
बाबांचं खातं उघडून बघितलं. कोरं. काहीच घातलेलं नाही. पत्त्यावर काही नसलं की यंत्र आधीचंच चालवत राहतं — दादाचंच, त्याचा फोन फाटकाशी आला तरच दिवा लावणारं.

दिवा आत्ता लागला. बाबा कडी काढतायत. मी त्यांना अडवत नाहीये.