पितळी साचे आणि डोळे न काढलेल्या अकरा हडळी

मी, रामकिशन नागोराव टेकाळे, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार तरोडा, नांदेड, आज रविवारी सकाळी चहा घेऊन, स्वतःच्या खुर्चीत बसून, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या उजव्या हाताला कंप आहे, हेही दाखल्यात नमूद आहे. म्हणून मी सांगतो आहे आणि वकील शिवकांता स्वामी लिहून घेत आहेत. काही शब्द गाळावेत असे त्यांनी सुचवले. ते मी गाळलेले नाहीत.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि बँकेत माझ्या नावावर जे काही शिल्लक असेल ते सर्व माझी पत्नी सौ. कस्तुराबाई हिला मिळावे. चाळीस वर्षे तिने भुतांच्या गर्दीत संसार केला. "देवाला कोनाडा एक अन् भुतांना कपाटं तीन," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ते खरे आहे. तिने माझ्या रंगाच्या वाट्या कधी चहाला वापरल्या नाहीत आणि मी तिच्या चहाच्या वाट्या रंगाला वापरल्या. याबद्दल मी हयातीत माफी मागितली नाही, ती इथे मागतो.

२. अर्धापूरची केळीची जमीन या मृत्युपत्रात नाही. ती चार वर्षांपूर्वीच वाटणीपत्राने माझा एकुलता एक मुलगा सुदर्शन याच्या नावावर झाली. त्यातला निम्मा तुकडा विकून त्याने प्लॅस्टिक ओतायचे मशीन आणले. जिथे माझ्या वडिलांनी केळीचे घड उतरवले त्या मातीच्या मोबदल्यात घरात काय आले, हे कलम चारमध्ये येईल.

३. ज्यांना माझा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. लातूर जिल्ह्यात मुरुडच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होतो, तेव्हा मी 'खवीस' नावाचा एक बैठा खेळ तयार केला. पट मांडायचा, चौघांनी बसायचे, फासे टाकत उजाड वस्तीतून बाहेर पडायचे, आणि वाटेत हडळ, मुंजा, झोटिंग, वेताळ अशी नऊ भुते. भुतांच्या सोंगट्या दोन बोटे उंचीच्या, धातूच्या. त्यांचे पितळी साचे उदगीरच्या मडिवाळप्पांनी कोरले. ते ओतारी होते, आता हयात नाहीत, आणि त्यांच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. कथलात थोडे शिसे घालून ते सोंगटी ओतायचे. मी कानस मारून तिला साफ करायचो, अस्तर द्यायचो आणि मग तीन केसांच्या ब्रशने रंगवायचो. एका सोंगटीला नऊ दिवस लागत.

डोळे सर्वात शेवटी. मडिवाळप्पांची शिस्त अशी होती की डोळे काढेपर्यंत सोंगटी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. डोळे काढायचे ते सकाळच्या उजेडात, एका बैठकीत, कोणाशी न बोलता. "डोळे नसलेल्याला आपन बघू नये आनि त्यानं आपल्याला बघू नये," असे ते म्हणायचे. माझ्या प्रत्येक हडळीची नजर वेगळी आहे. एक पुण्याला, एक बंगळूरला, एक तर थेट पोर्तुगालला गेलेली आहे, आणि कोणती कुठे पाहते हे मला तोंडपाठ आहे. सोंगटी हातात घेतली की गार लागते, तिचे वजन तळव्याला कळते, आणि खेळणारा ती पटावर जरा जपून ठेवतो. भीती तिथून सुरू होते.

४. आता प्लॅस्टिक. तीन वर्षांपूर्वी सुदर्शनने माझ्या सोंगट्यांची कॉम्प्युटरवर नक्कल काढली आणि मुदखेड रस्त्यावरच्या शेडमध्ये त्या प्लॅस्टिकच्या करून, रंगवून तयार, समोर पारदर्शक खिडकी असलेल्या डब्यात घालून विकायला सुरुवात केली. पहिला डबा त्याने माझ्या पाया पडून मला दिला. मी तो उघडला आणि आधी वास आला, नव्या चपलेच्या दुकानात येतो तसा. मग मी हडळ उचलली. तिला वजन नव्हते. नाकावरून साच्याची शिवण गेली होती. हातातला कोयता उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबत होता. ओठांचा लाल रंग हनुवटीवर आणि एक डोळा गालावर. ही हडळ कोणाला धरणार? ही तर बस चुकलेली आत्याबाई दिसत होती.

मला अन्न गोड लागेना. मी दर महिन्याला एक डबा विकत आणू लागलो, मुलाकडून फुकट घेतला नाही, आणि प्रत्येक डब्यातल्या चुकांचे पत्र त्याला पोस्टाने पाठवू लागलो. आम्ही एकाच घरात राहतो. अशी पत्रे एकतीस झाली. त्यांच्या प्रती माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. त्या जाळू नयेत.

सुदर्शनची बाजूही लिहितो, म्हणजे एकतर्फी लिहिले असे कोणी म्हणायला नको. तो म्हणाला, "बाबा, तुमची एक हडळ व्हायला नऊ दिवस. माझ्याकडं चौतीस बाया काम करून राहिल्या. त्यांना नऊ दिवसाला एक भूत देऊ का?" मला वाटले चौतीस बाया डबे भरतात. मी विचारले नाही.

५. गेल्या डिसेंबरात लातूरला खेळांच्या प्रदर्शनात मला बोलायला बोलावले होते. सुदर्शन दुसऱ्या रांगेत बसला होता. मी त्याचा डबा हातात धरला आणि माइकवर म्हणालो की या सोंगट्यांना माणसाचा हात लागलेला नाही, ही भुते यंत्राने ओकली आहेत. टाळ्या पडल्या. सुदर्शन उठून गेला. त्या टाळ्या मला आवडल्या, हे कबूल करतो.

६. एप्रिलमध्ये एकतिसावा डबा उघडला. आठ सोंगट्या नेहमीसारख्या, किळसवाण्या. नववी हडळ. तिच्या नाकावर तीच शिवण, हातात तोच लोंबता कोयता, पण तिचे डोळे जिवंत होते. ती जरा खाली आणि दाराकडे पाहत होती. मी भिंग लावले. बुबुळ एका दमात टेकवलेले होते, वरच्या पापणीची सावलीसुद्धा होती. मी डबा बंद केला आणि रिक्षा करून मुदखेड रस्त्याला गेलो. माझा समज असा झाला की सुदर्शनने कुठला तरी चांगला रंगारी बोलावून एक सोंगटी मुद्दाम माझ्या डब्यात सरकवली आहे.

शेडमध्ये मी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. लांब पत्र्याखाली बाकांवर बाया बसल्या होत्या. एकीकडे फवाऱ्याने काळा रंग, पुढची फक्त लुगड्याला हिरवा लावणारी, पुढची फक्त ओठांना लाल, दिवसभर नुसते ओठ. प्रत्येकीच्या हातात ब्रश होता. बोटांना थिनरने भेगा पडल्या होत्या. मी पस्तीस वर्षे शाळेत ब्रश धरायला शिकवले आणि भर सभेत म्हणालो होतो की हात लागलेला नाही.

शेवटच्या बाकावर जी होती तिचे नाव पंचशीला. मी तिला हडळ दाखवली.

"हाव सर, डोळे मीच काढते," ती म्हणाली. "भोकं पाडलेला छापा धरायचा अन् ठिपका टेकवायचा. रोज चारशे जोड."

"मग हिचेच असे का?"

"त्या दिवशी लाईट गेली होती. फवारा बंद पडला. बसून काय करावं म्हनून हिला एकलीला नीट काढलं." मग तिला वाटले मी तक्रार करायला आलो आहे. "चुकलं का सर? मालकाला सांगू नका."

मी विचारले, कोणाकडे पाहून काढलेस?

"आमच्या गल्लीत एक बाई हाय. नवरा दारात आला की अशी बघती."

मी तिथे फार वेळ थांबलो नाही. प्लॅस्टिकची मला अजूनही तेवढीच किळस येते. तो वास, तो लोंबता कोयता, ते ओठ, काही बदललेले नाही. त्या बायांना छापा देऊन बसवणाऱ्या माणसाचीही येते, मग तो माझा मुलगा का असेना. मात्र यंत्राने ओकलेली भुते हे माझे वाक्य मी या दस्ताने मागे घेत आहे. लातूरच्या आयोजकांना ते कळवावे.

७. माझी खरी मालमत्ता म्हणजे मडिवाळप्पांचे नऊ पितळी साचे, माझे ब्रश, भिंग, खिडकीजवळचे टेबल आणि मधल्या कपाटात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या अकरा हडळी. त्यांना डोळे नाहीत. दोन वर्षांपासून माझा हात स्थिर राहत नाही. गिऱ्हाइकांना मी "घाई करू नका, कला आहे" असे सांगत आलो, ते खोटे होते. कंप सगळ्यांना दिसतो, पण त्यापायी डोळे काढणेच थांबले आहे, हे घरातही कोणाला माहीत नाही.

सुदर्शनला साचे हवे आहेत. त्याला त्यांतून धातूची खास आवृत्ती काढायची आहे आणि डोळ्यांना तोच छापा लावायचा आहे. मडिवाळप्पांच्या हडळीला छाप्याचे डोळे. ही कल्पना मनात आली तरी माझ्या तोंडाची चव जाते. म्हणून वरील सर्व वस्तू पंचशीला हिला मिळाव्यात. मी तिला हे सांगितले तेव्हा ती खुश झाली नाही. "साचे घेऊन मी काय करू सर? घरात ठेवायला जागा न्हाई. अन् मालक कामावरून काढतील मला." तिचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पहिल्याची सोय अशी की साचे आणि टेबल माझ्याच खोलीत राहतील, खोलीची एक किल्ली पंचशीलाकडे राहील, आणि कस्तुराबाईने याला होकार दिला आहे. तिने अट घातली की येताना त्या बाईने चप्पल बाहेर काढावी आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.

दुसऱ्याची सोय माझ्या हातात नाही. सुदर्शनने तिला कामावरून काढू नये, अशी मी विनंती करतो. मृत्युपत्रातल्या विनंतीला कायद्याचे बळ नसते, असे वकीलबाई म्हणतात.

८. पुण्याच्या ज्या गृहस्थांनी माझा वेताळ "चमक कमी आहे" म्हणून परत पाठवला, त्यांना मी माफ केलेले नाही. वेताळ कधी चमकतो का? तो वेताळ कस्तुराबाईकडेच राहावा. ती त्याच्यावर दुधाचे बिल अडकवते.

९. हे कलम वरील आठ लिहून झाल्यावर घातले आहे, म्हणून त्याची भाषा विस्कळीत वाटेल.

साक्षीदारांचा विषय निघाला. ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष शक्यतो घेऊ नये, पुढे लोक शंका काढतात, असे वकीलबाईंनी सांगितले. तेव्हा मी म्हणालो की मग सुदर्शनला बोलवा, त्याला यातले काहीच मिळत नाही. तो शेजारच्या खोलीत होता आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी हे म्हणालो. तो आला. मी सगळी कलमे त्याच्यासमोर वाचायला लावली, चौथेसुद्धा. त्याने उभ्यानेच ऐकले.

"पंचशीलाला काढत न्हाई मी," तो म्हणाला. "साचे बी तिलाच द्या. सही कुठं करू?"

वकीलबाईंनी जागा दाखवली. त्याने नावाची दोन अक्षरे लिहिली आणि पेन थांबवला.

"बाबा, मुरुडला असताना मी एका मुंज्याचे डोळे काढले होते. सहावीत होतो. तुमी ते टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसले, मडिवाळप्पा काकांसमोर. म्हनले, आंधळा होता तेच बरं होतं."

मला हे आठवत नाही. मी तसे म्हणालो. कस्तुराबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "हाव, पुसले होते. पोरगं दोन दिवस जेवलं न्हाई. त्यानंतर त्यानं ब्रशाला हात लावला न्हाई."

पोर्तुगालला गेलेली हडळ कुठे पाहते हे मला आठवते आणि हे आठवत नाही. एकतीस डब्यांची मिळून आली नसेल एवढी मला माझी किळस आली. ती इथे नोंदवून घ्या, असे मी वकीलबाईंना सांगितले. त्यांनी विचारले, नक्की लिहू का? मी हो म्हणालो.

म्हणून कलम सातमध्ये दुरुस्ती करत आहे. अकरा हडळींपैकी दहा पंचशीलाला मिळाव्यात. उरलेली एक, त्याने स्वतः निवडलेली, सुदर्शन रामकिशन टेकाळे याला मिळावी. तिचे डोळे त्याने स्वतःच्या हाताने, छाप्याशिवाय काढायचे आहेत. कसेही आले तरी चालतील. ते कोणीही, कोणत्याही कारणाने पुसायचे नाहीत.

सुदर्शन आता हक्कदार झाल्यामुळे त्याला साक्षीदार ठेवलेले नाही. त्याने लिहिलेली दोन अक्षरे माझ्या सांगण्यावरून खोडली आहेत. त्या खाडाखोडीबद्दल पुढे कोणी शंका घेऊ नये.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, आणि खालील सही, वेडीवाकडी असली तरी, माझीच आहे.

रामकिशन नागोराव टेकाळे
(मृत्युपत्र करणार)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली:

~~१. सुद~~ (खोडले. कलम ९ पाहावे. रा. ना. टे.)

१. अयोध्या व्यंकटराव गुट्टे, निवृत्त पोस्टमास्तर, तरोडा, नांदेड
२. माउली दिगंबर शिंपाळे, कंपाउंडर, तरोडा, नांदेड

स्थळ: नांदेड
दिनांक: २२ जून २०२५