काँप्युटरच्या झोपेची यादी

जुन्नर, ४ ऑगस्ट २०२५

चि. कपिलला पारूआत्याचा जयभीम. इकडं सगळं बरं. फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून लिहिते. पूर्ण वाच.

आमच्या ऑफिसात तू वीज वाचवायचं जे बसवून गेलास, पाच मिनिटं हात लागला नाय की काँप्युटर झोपतो ते, त्यानं घोळ घातलाय. कुणाचा काँप्युटर किती तास झोपला त्याची महिन्याला यादी निघते. साहेब म्हणतात, काँप्युटर झोपला म्हंजी माणूस झोपला.

यादीत सगळ्यात वर साक्षी, दाखल्यांच्या खिडकीवरची पोरगी. तिला बसायला सवड कुठंय? उभ्यानं म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देते, तवर काँप्युटर डोळे मिटतो. आणि तो सयाजी कारकून दिवसभर पत्त्यांचा डाव मांडून बसतो, त्याचा मिनिटभर झोपत नाय. साहेबांनी त्याला कष्टाळू म्हटलं. मी तिथंच फरशी पुसत व्हते, हसले, तर मलाच ओरडले.

पंधरा सप्टेंबरला साक्षीचा करार संपतो. साहेब वाढवणार नाय म्हणाले. तिच्या घरात तिचाच एकटीचा पगार. तू केलंस, तू निस्तर. आईला सांग, खोकल्याला हळद घे.

माया हाय म्हणून लिहिते, नायतर तिथं येऊन बोलले असते.
पारूआत्या

पेठ, ११ ऑगस्ट

ती. आत्यास कपिलचा सविनय जयभीम. पत्र पूर्ण वाचले, दोनदा. आईने हळद घेतली, तुझ्या धाकाने.

ती यादी वीज मोजते, माणूस नाही. साहेबांना तसे सांगितले, तर म्हणाले की अहवाल कसा वाचायचा ते मला शिकवू नका. नावे काढू म्हटले, तेही नको. माझ्या हातात एवढेच आहे: यादीवर 'रिकामा वेळ' असा मथळा होता, तिथे 'वीज बचत' लिहितो. आणि साहेबांच्या काँप्युटरची मोजणी होते, पण तो यादीत घेत नव्हतो. आता घेतो. आकडा एकही बदलणार नाही.

राग कमी कर, माया आहे तेवढीच असू दे.
तुझा कपिल

जुन्नर, ५ सप्टेंबर

चि. कपिलला जयभीम. एक तारखेला यादी आली. पहिले साहेब! दुसरी साक्षी, शेवटचा सयाजी.

साहेबांनी चष्मा लावून तीनदा वाचली. मग सगळ्यांना केबिनमधी बोलावून म्हणाले, वीज वाचवणं म्हंजी देशसेवा, मी पहिल्यापासून सांगत आलोय. मला पेढे आणायला पिटाळलं. पहिल्या दोघांचा गुच्छ घेऊन फोटो काढला. फोटोत शेजारी उभ्या केलेल्या पोरीला काढणार कशी? दुपारी तिच्या करारावर अकरा महिन्यांची सही झाली.

सयाजी मात्र पहिल्या नंबराच्या मागं लागलाय. काँप्युटर चालूच करत नाय. समोर कुणी आलं की म्हणतो, राव, मी वीज वाचवतोय, त्या खिडकीवर जा. साक्षीपुढं आता दोन रांगा. काल घाईत तिनं त्याचा काँप्युटर चालू केला, तर केवढ्यानं ओरडला, की बाई, माझी बचत मोडू नका!

पोरगी नोकरी राहिली म्हणून हसतीय. मला नाय हसू येत. यादीत सयाजीला कुठं घालायचा ते बघ आणि लवकर लिही.

रागावते तरी तुझीच,
पारूआत्या