सकाळचा थेंब

रमला, केरकेना बेटं
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय धाकट्या भावाला, फ्रेजला सलाम आणि उदंड आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत. यंदा ऑक्टोपस भरपूर. सूनबाई साबिहा दिवसभर ते वाळत घालते आणि मांजरांच्या नावाने बोटं मोडते. माशाचे काटे मात्र अजून मीच काढते, एकही सुटत नाही. एकाहत्तराव्या वर्षी ही मिजास तुझ्यामुळे.

सोमवारी बोटीने तुझ्या स्फाक्सला जाऊन डोळे दाखवले. डॉक्टरीणबाई हसल्या, "आजी, आठ वर्षं झाली तुमच्या डोळ्यांतल्या स्टेंटना. अजून इमानेइतबारे पाणी वाहून नेताहेत की!" काचबिंदूने गेलेली कडेची नजर काही परत येत नाही. साबिहा डावीकडून आली की मी दचकतेच. पण आठ वर्षांत आणखी काही गेलं नाही. मोतीबिंदू काढायला नेलंस तेव्हा तूच हटून बसला होतास, "आधी डोळ्यांचा दाब मोजा, हे दुखणं आमच्या घरातलं आहे." नाहीतर त्या केसाएवढ्या नळ्या माझ्या डोळ्यांत कुठून बसायला? तुझे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.

या सोमवारी तुझ्या गल्लीतून गेले, पण जिना चढले नाही. बोटीची घाई होती असं साबिहाने फोनवर सांगितलं ना, ते खोटं. दाब जरा वर सरकलाय, म्हणून बाईंनी पुन्हा औषध दिलंय. रोज सकाळी एक थेंब. ती बाटली घेऊन तुझ्यासमोर यायचं धाडस होईना.

बारा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळी रमजान. अंगणात सगळ्यांदेखत मी तुझ्या हातातून अशीच बाटली हिसकावली. "रोजा म्हणजे पोरखेळ वाटला का रे? भरदिवसा डोळ्यांवाटे पितोस?" तू हसून म्हणालास, "लल्ला, तू थोरली बहीण. तू म्हणशील तसं." महिनाभर थेंब बंद, पुढेही धड घातले नाहीस. उजवा डोळा गेला, होडी विकावी लागली. "नशीब," म्हणालास. नशीब नव्हतं फ्रेज, मी होते. इमामसाहेबांना विचारलं ते सगळं झाल्यावर. म्हणाले, थेंबाने रोजा मोडत नाही. आधी विचारायला माझी जीभ झडली होती का?

आणि तू? उरलेल्या एका डोळ्याने वाट काढत मला हाताला धरून दवाखान्यात नेलंस. माझे दोन्ही वाचवलेस.

दहा दिवसांनी रमजान. शेजारच्या हलीमाने तिचे थेंब आत्ताच कपाटात ठेवलेत, "ईदनंतर बघू," म्हणते. माझ्याकडूनच शिकली. म्हणून ठरवलंय, पहिल्याच रोज्याला त्याच अंगणात, सगळ्या बायकांदेखत, मी थेंब घालून घेणार.

पण माझं मी घातलं की नेम चुकतो, औषध गालावर ओघळतं. त्या दिवशी सकाळच्या बोटीने ये. तुझ्या हाताने घाल.

अंगणात मान वर करून, डोळे उघडे ठेवून बसलेली,
तुझी लल्ला
मबरूका