शांतवनच्या बदल्यात दोन गडी

नाशिक, जानेवारी १९३४

प्रिय दादा,

तुम्हा सर्वांना प्रेमाचा सलाम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझा लेक शांतवन माझ्याकडे नीट जेवतो. मात्र हुतुतूचे सामने अर्ध्यावर असतानाच त्याला मालेगावच्या संघाला देऊन दोन गडी घ्यायचे घाटते आहे.

काल आमच्या ओट्यावर त्याच्या संघातल्या गड्यांत वाद पेटला.

"असा गडी पुन्हा मिळेल का?" मोतीराम म्हणाला.

"भांडकुदळ मेला! चढाईत मुद्दाम दम सोडतो नि बाद होतो," फकिरा ओरडला. शांतवन त्याच्या अंगावर धावून गेला.

मुद्दाम नाही रे, दादा. आज त्याचा रुमाल धुताना पाणी लाल झाले. लहानपणी ठेच लागली तरी तो अशीच लपवायचा.

मालेगावला जायला तो लगेच तयार झाला, कारण तिथे त्याचे खोकणे ऐकणारे घरचे कोणी नाही. रविवारी तो निघेल, त्याच्या आत ये. वहिनीला अजून सांगू नकोस.

तुझी,
सुगंधा