गेन्झोची छत्री आणि पुलावरचं बर्फ

३ ऑक्टोबर

स्टेशनसमोर पोस्टर लागलं. ‘छत्रीवाला गेन्झो’, आता नव्या सिनेमात. गेन्झो कोण, तर शाम्पूच्या जाहिरातीतला नाचरा पोरगा! अरे, गेन्झो म्हणजे पन्नाशीचा, दाढीची खुंटं वाढलेला, छत्र्या दुरुस्त करत भावाच्या खुन्याला गावोगाव शोधणारा माणूस. ह्याच्या गालावर माशी बसली तर घसरून पडेल.

ठराव: सिनेमा बघायचा नाही. मेलो तरी नाही.

चिझुकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, मग नका ना बघू, कोणी बांधून नेतंय का? त्यापेक्षा मोरिवाकींच्या कोटावरचा सोया सॉसचा डाग काढा, तिसऱ्यांदा विचारून गेल्या. लाँड्रीवाल्याच्या घरात साहित्याला किंमत नाही, हेच खरं.

५ ऑक्टोबर

‘मूळ गेन्झो रक्षक मंडळा’ची तातडीची सभा, नेहमीच्या कॉफीच्या दुकानात. मी अध्यक्ष. बाकी हिराबायाशीबाई, दातांचे डॉक्टर सेगावा आणि एक गृहस्थ जे फक्त टोस्ट खातात.

पडद्यावरच्या आजवरच्या पापांची उजळणी केली. सगळ्यात ओंगळ ते जुनं टीव्हीवरचं कार्टून. घोड्याला तीन पाय, आणि एकच बर्फ वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग ती मालिका, तिच्यात गेन्झोच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा. आणि आता हा शाम्पू. मी म्हणालो, मूळ मंगा, ती चित्रकथेची पुस्तकं, म्हणजे गंगोत्री, बाकी सगळं गटार. टोस्टवाल्यांनी मान डोलावली.

बहिष्काराचा ठराव एकमताने.

१२ ऑक्टोबर

आगाऊ तिकीट काढलं. न बघता शिव्या देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. तिकिटावर छोट्या छत्रीचं कीचेन फुकट मिळत होतं, तेही पुरावा म्हणून घेतलं. पुरावा दुकानाच्या किल्ल्यांना लावलाय.

१ नोव्हेंबर

पाहिला. शी! शी! शी!

छत्रीतून आतषबाजी उडते. खलनायकाला मांजर. तेही सोसलं असतं. पण पुलावरचा प्रसंगच नाही! बर्फ पडतंय, खुन्याची लहान मुलगी पुलावर कुडकुडतेय, गेन्झो सूड घ्यायला निघालाय आणि वाटेत आपली शेवटची छत्री तिच्या हातात देऊन निघून जातो. मागे वळून बघत नाही. त्या न वळण्यात आख्खी कथा आहे. तोच काढला! माणसाचं काळीज काढून त्याला शाम्पू लावला.

निषेध म्हणून नावं सुरू होताच ताडकन उठून जायचं ठरवलं होतं. पण शेवटचं नाव सरकेपर्यंत थिएटरात कोणी हलत नाही, आणि मी रांगेच्या मधोमध. सात-आठ जणांचे गुडघे ओलांडायचे म्हणजे सात-आठदा माफी मागायची. बसून राहिलो. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा माझेही हात वाजले. जनरीत.

६ नोव्हेंबर

मंडळात सांगितलं. मला वाटलं, सगळे पेटून उठतील. हिराबायाशीबाईंनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, हा प्रसंग कोणत्या खंडात आहे हो? मला आठवत नाही.

आठवत नाही! ही मंडळाची उपाध्यक्ष! मी म्हणालो, शेवटाकडे आहे, शेंबडं पोरही सांगेल. त्या म्हणाल्या, बरं. त्या ‘बरं’चा मला इतका संताप आला की मी जाहीर केलं: प्रसंग मूळ मंगात नसेल तर अध्यक्षपद तुमचं, आणि माझा पहिल्या आवृत्तीचा संचही तुमचा. सेगावांनी वहीत लिहून घेतलं. लिहून कशाला घ्यायचं?

घरी येऊन तपासणार होतो. पण मी नेमाने तीन संच घेतलेला माणूस: एक वाचायला, एक जपायला, एक लोकांना नादी लावायला. नादी लावायचा सेगावांकडून परत आला नाही. वाचायचा मेव्हण्याने नेला. उरला जपायचा, पहिल्या आवृत्तीचा, तो कपाटात सीलबंद, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट. तो फोडायचा नसतो. आणि गरज तरी काय? पहिले दोन खंड मला तोंडपाठ आहेत. पुढचे रक्तातच आहेत.

१५ नोव्हेंबर, सकाळी

आज सिनेमानंतर डायरेक्टर मंचावर येणार, प्रेक्षकांचे प्रश्न घेणार. मंडळ हजर राहणार. प्रश्न आरशासमोर म्हणून पाहिला. चिझुको म्हणाली, अहो, आवाज थोडा खाली घ्या, शेजारच्यांना वाटेल मलाच ओरडताय.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी

विचारला. गच्च भरलेल्या थिएटरात, माइक हातात घेऊन. म्हणालो, मूळ कृतीचा आत्मा असलेला पुलावरचा प्रसंग कापताना आपला हात कापला नाही का?

डायरेक्टरने कमरेतून वाकून नमस्कार केला. चाळिशीची, साधी बाई. म्हणाली, फार आभारी आहे, त्या प्रसंगाला मी लहानपणी ढसाढसा रडले होते. पण तो मंगात तसा नाहीये. छत्री देण्याचं टीव्हीवरच्या कार्टूनवाल्यांनी मनाने घातलं होतं. आम्हाला घ्यायचा होता हो, पण भीती वाटली. मूळ मंगाचे कट्टर चाहते चिडले असते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या मांडीकडे बघत बसले. मग टोस्टवाल्यांनी टाळी वाजवली.

ती खोटं बोलतेय.

१६ नोव्हेंबर

संच फोडला. चिझुकोची शिवणाची कात्री घेतली. पूल आहे. बर्फ आहे. मुलगी आहे. गेन्झो तिला छत्री विकतो! वर घासाघीस करतो! किळसवाणा माणूस. ह्याच्यासाठी मी आयुष्यभर भांडलो?

शेवटच्या पानापर्यंत शोधलं, पुस्तकाच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही बघितलं.

२० नोव्हेंबर

हिराबायाशीबाई रेशमी रुमाल घेऊन आल्या, संच बांधून न्यायला. सोबत लाल घेवड्याच्या वड्यांचा खोका. तीनदा माफी मागितली, चौथ्यांदा मागताना गाठ पक्की केली. म्हणाल्या, अध्यक्षपदाचं ओझं माझ्याच्याने पेलेल का कोण जाणे. पेलेल. चांगलंच पेलेल. जाताना सील फुटलेलं बघून हळहळल्या.

वड्या चांगल्या होत्या. रागाच्या भरात सगळ्या खाल्ल्या.

मेव्हण्याकडचा संच तरी परत मागावा म्हणून निइगाताला सुमिए-ताईला फोन केला. ती म्हणाली, अरे फुमिओ, तू लहानपणी कधी रे मंगा वाचलास? बाबा घरात येऊ देत होते का? पोरं बिघडतात म्हणायचे. तू ते टीव्हीवर बघायचास, दुकानात. बाबा कॉलरना इस्त्री करायचे आणि तू त्यांच्या पायाशी स्टुलावर. त्या वेळी मात्र ते कधी टीव्ही बंद कर म्हणाले नाहीत.

म्हणजे मी ज्याला गटार म्हणत आलो, ते हेच कार्टून. मी नीट पाहिलेलं एवढंच.

२४ नोव्हेंबर

त्या ओंगळ कार्टूनच्या डिस्क आणल्या. तीन संच. नवं मंडळ काढतोय, ‘मूळ कार्टून रक्षक मंडळ’. चिझुकोला उपाध्यक्ष केलं, ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

जेवण झाल्यावर पुलाचा भाग लावला. तेच बर्फ वरून खाली, पुन्हा वरून खाली. घोड्याला खरंच तीन पाय. गेन्झो छत्री देतो आणि चालू लागतो. आणि मागे वळून बघतो. चांगलं लांबलचक, डोळे भरून बघतो. डिस्क मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा वळला.

सगळ्यांना जन्मभर सांगत आलो की तो वळत नाही. ताईला फोन लावला, हे असंच होतं का म्हणून विचारलं. ती म्हणाली, असेल रे, पण तुला कुठून दिसणार? त्या वेळी तू बाबांच्या बाहीत तोंड खुपसून रडत होतास. त्यांनी तेवढ्यासाठी इस्त्री बाजूला ठेवली होती.

मोरिवाकींच्या कोटावरचा डाग अजून तसाच आहे.