दातात धरलेली सोल्डरची तार

बाबा,

कारखान्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खा ट्रे नापास केला, आणि तो तुमच्यामुळे. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. ही गोष्ट २०१५ सालची. तलासरीच्या पुढे हायवेला लागून आमचा कारखाना आहे. तिथे गाड्यांच्या आत बसणारी सर्किटं बनतात. ब्रेकची, दिव्यांची, इंजिनाजवळची. माझं काम भिंगाखाली सोल्डरचा एकेक सांधा तपासायचं. बघते तर सगळे सांधे मळकट, राखेच्या रंगाचे. मसोलीच्या आपल्या रेडिओच्या दुकानात तुम्ही शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलेलं: सोल्डर चकाकलं तर पास, मळकट दिसलं तर ड्राय, म्हणजे कच्चं, परत मार. मी लाल टिकल्या चिकटवत सुटले. आमचे सुपरवायझर गुजराती, ते धावत आले. "अरे बेन, आखो ट्रे? मशीन बिघडलं की तुमचे डोळे?" मी म्हटलं, "सर, हे सगळं ड्राय आहे. बघा ना, चमकच नाही." ते हसायलाच लागले. "बेन, आ लेड वगरनुं छे. बिनशिशाचं. हे असंच दिसतं, आणि असंच पक्कं असतं." मग मला बसवून एकेक टिकली काढायला लावली.

मला लाज वाटायच्या ऐवजी मजाच वाटली. आपण दोघं ज्याला सोल्डर म्हणायचो त्यात जवळजवळ निम्मं शिसं होतं आणि मला पत्ताच नाही! मी समजायचे, सोल्डर हा एक वेगळाच धातू. आता कथील असतं, त्यात थोडी चांदी आणि चिमूटभर तांबं. चांदी, बाबा! तारसुद्धा नसते. डबीतून करडी पेस्ट येते, पानाला लावायच्या चुन्यासारखी दाट, आणि ती फ्रिजमध्ये ठेवतात. बाहेर काढली म्हणून लगेच उघडायची नाही. झाकण तसंच ठेवून तिचा गारठा जाऊ द्यायचा, नाहीतर ती हवेतलं पाणी धरते आणि भट्टीत तडतडते. जावयाची नाही एवढी बडदास्त. पण गाडी उन्हात तापते, रात्री गार होते, खड्ड्याखड्ड्यांतून हादरते, आणि सांधा सुटून चालत नाही. म्हणून नमुन्याचा एखादा सांधा मधोमध कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपला की मी तिथे हजर. बरोबरच्या पोरी विचारतात, "काय सिनेमा लागलाय का आत?" तांबं आणि कथील भेटतात तिथे एक बारीक पापुद्रा तयार होतो, तो बघत बसते. तो दिसला की सांधा धरला असं समजायचं. तुम्ही आयुष्यभर हे वरच्या चमकेवरून ताडलंत, आत बघायला तुम्हाला कधी मिळालंच नाही. तुमची तिथे फार आठवण येते.

शिकवायला पुण्याहून एक मॅडम यायच्या. एवढं चांगलं चकाकणारं शिसं काढलं कशाला, हे विचारणारी अर्थात मीच. "विष आहे ते," त्या म्हणाल्या. "अंगात साठतं. धुरातून कमी, हातातोंडावाटे जास्त. रक्ताला, मेंदूला, किडनीला त्रास." किडनी हा शब्द आला आणि माझं लक्ष पुढच्या बोलण्यावरून उडून आपल्या दुकानात गेलं. शाळा सुटलीय, मी दुकानाच्या पायरीवर दप्तर टाकतेय. धाकटी डहाणू गावच्या कुणा खलाशाचा खाऱ्या हवेने खाल्लेला रेडिओ तुमच्यासमोर उघडा पडलाय. एका हातात सोल्डर वितळवायची तापलेली कावी, दुसऱ्यात चिमटा, आणि सोल्डरची तार दातात. मला बघून तुम्ही ती काढता, शर्टाला पुसता आणि माझ्या हातात देता. "धर. मी सांगेन तेव्हाच टेकव." तुम्ही किडनीच्या आजाराने गेलात तेव्हा मी नववीत होते.

कारखान्यात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांनी कसं सांगणार? त्यांना बीपी होतं का?" होतं. "मग त्यानेही झालं असेल." माझ्या प्रश्नाचं असं मधेच लोंबकळणं मला सोसत नाही, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. रविवारी मसोलीला गेले. आई वालपापडी सोलत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा तार दातात धरायचे ते आठवतं का. "आठवतं का म्हणजे! दिवसभर तोंडात. शी, नुसतं घाणेरडं. किती भांडली मी त्यांच्याशी. तर म्हणायचे, देवाने दोनच हात दिलेत, तिसरा आण, मग सोडतो. म्हणून तर तुला धाडायची मी, शाळा सुटली की. तुझ्या हातात तार असली म्हणजे त्यांच्या तोंडात नाही."

बाबा, मी आजवर सगळ्यांना सांगत आले की वडिलांनी मी हुशार म्हणून मला दुकानात बसवलं, काम शिकवलं. नोकरीच्या मुलाखतीतही हेच सांगितलं. आणि मी होते मोकळा हात! आईचा खूप राग आला. तो गेल्यावर हसू आलं, आणि हसता हसता मनात आलं की मी शाळेत असायचे तेवढा वेळ तार तुमच्या दातातच असणार. पापडीतले दाणे बाजूला करत मी तिच्याशेजारी बसून राहिले.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं मनात होतं, पण आता दाखवणार नाही. शिसं विष असतं हे मी तिला सांगितलेलं नाही. तिच्या लेखी ती तार नुसती घाणेरडी होती, तेवढीच राहू दे. तुमच्या आजाराचं खरं कारण काय, ते विचारायला मी लिहायला बसले होते. आता कबूल करते, मला ते तितकंसं विचारायचंच नव्हतं. एवढंच सांगा, मी तार नीट धरायचे का, की आईच्या कटकटीपायी तुम्ही मला चालवून घेत होता?